नीतिमत्त्व, कळवळा आणि दाद : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील न्यायकल्पनेचा भाषिक विचार

१८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक राजनांदगावाकडे निघाले असता आगगाडीच्या डब्यात त्यांची एका परदेशी मिशनऱ्याशी गाठ पडली, त्याने दिलेला ग्रंथ टिळक पुढे वाचू लागले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनापाशी येऊन ते थबकले, ही हकीकत मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. नागपुराहून राजनांदगावाकडे जाणारा हा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातील वरठीवरून जातो. वरठी आज ज्या मोहाडी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात आंधळगाव हे कोष्ट्यांचे जुने गाव आहे. टिळकांच्या चरित्रात आंधळगावास स्थान नाही, आणि ते असण्याचे कारणही नाही. तथापि ज्या प्रवचनाने एका चित्पावन कवीचे आयुष्य बदलले, त्या प्रवचनात दरिद्री, भुकेले व दीन यांनाच प्रथम धन्य म्हटले आहे. तेव्हा ते प्रवचन मराठीत आल्यावर हातमागावर बसणाऱ्या माणसाला त्यातून काय ऐकू आले असते, हा प्रश्न टीकाकाराने विचारण्याजोगा आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे आजवरचे परीक्षण बहुधा त्यातील भक्ती, धर्मांतराची तळमळ व काव्यगुण यांच्या अंगाने झाले. त्यातील न्यायकल्पनेचा विचार त्या मानाने थोडा झाला, आणि त्या कल्पनेच्या शब्दांचा तर फारच थोडा.

गिरिप्रवचनाच्या मुळात 'दिकायोसुने' हा ग्रीक शब्द पुनःपुन्हा येतो. त्याच्या पोटात न्याय, ऋजुता, देवाशी व शेजाऱ्याशी असावे तसे असणे, हे सर्व अर्थ एकवटलेले आहेत. त्याच्यामागे हिब्रूतील 'त्सदाका' उभा आहे, आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांत हा शब्द 'मिश्पात' म्हणजे न्यायनिवाडा ह्या शब्दाच्या जोडीने येतो. आमोस किंवा यशया जेव्हा विधवा, पोरका व परका यांच्याविषयी बोलतात, तेव्हा ते धनिकांकडे औदार्याची याचना करीत नाहीत. वेशीवर बसून निवाडा करणारांना ते जाब विचारतात. प्रचलित मराठी भाषांतरात ह्या 'दिकायोसुने'चे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. पाचव्या अध्यायात ज्याची भूक व तहान लागावी असे सांगितले आहे, ते मराठीत 'नीतिमत्त्व' होते. सहाव्या अध्यायाच्या आरंभी तोच शब्द 'धर्माचरण' होतो आणि लगेच पुढे 'दानधर्मा'ची गोष्ट निघते. विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी मजुरांना जे 'दिकायोन' असेल ते देईन असे सांगतो, तेथे मराठीत 'योग्य' हा शब्द येतो. एका धातूची ही तीन रूपे तीन वेगळ्या घरी नांदावयास गेली. एकमेकींची ओळख त्यांना उरली नाही.

भाषांतरकारांना दोष देण्याचे येथे प्रयोजन नाही. एका शब्दाला सर्वत्र एकच प्रतिशब्द वापरावा, हा आग्रह बालिश होय. परंतु 'नीतिमत्त्व' ह्या निवडीचे परिणाम दूरगामी झाले. मराठीत नीतिमान म्हणजे दारू न पिणारा, खोटे न बोलणारा, परस्त्रीकडे न पाहणारा मनुष्य. विणकराच्या मजुरीत काटछाट करणारा व्यापारी ह्या व्याख्येने नीतिमान असू शकतो, आणि पुष्कळदा असतोही. ज्याला नीतिमत्त्वाची भूक लागली आहे असा मनुष्य मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आत्मशुद्धीसाठी झटणारा साधक म्हणून उभा राहतो. आपल्या अथवा दुसऱ्याच्या मजुरीचा हिशेब मागणारा म्हणून तो उभा राहत नाही. मुळातील भूक उभयविध होती. मराठीत तिचे एक अंग उपाशीच राहिले.

अशी अर्थच्युती केवळ मराठीतच घडली असे नाही. बायबलोत्तर हिब्रूत 'त्सदाका' ह्या शब्दाचा रूढ अर्थ भिक्षादान असा झाला. मराठीत 'धर्म' ह्या शब्दाने हुबेहूब हीच वाट धरलेली दिसते. समाजाला धारण करणारा तो धर्म ही व्युत्पत्ती पंडितांच्या ओठी राहिली. रस्त्यावरच्या मराठीत मात्र धर्म म्हणजे भिकाऱ्याच्या झोळीत पडणारे काही. धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना, धर्मादाय, दानधर्म ही सारी प्रजा त्याच अर्थाची आहे. दोन परस्परांपासून दूर असलेल्या भाषांत न्यायाचा शब्द दानाच्या अर्थापर्यंत घसरत यावा, ह्याचे कारण समाजस्थितीत शोधले पाहिजे. न्याय करणे ज्यांच्या हाती असते, त्यांना न्यायापेक्षा दान स्वस्त पडते, आणि शब्दांचे चलनही बहुधा त्यांच्याच हाती असते.

'गरीब' ह्या शब्दाची कथा ह्याहून चमत्कारिक. अरबीत तो परक्याचा, परदेशस्थाचा वाचक. मराठीत तो निर्धनाचा वाचक झालाच, शिवाय मवाळ व निरुपद्रवी अशाही अर्थाने तो वापरला जाऊ लागला. मूल गरीब आहे, गाय गरीब आहे, असे आपण कौतुकाने म्हणतो. दरिद्री व सौम्य हे गिरिप्रवचनात दोन स्वतंत्र वचनांचे विषय आहेत. मराठीत ते एकाच शब्दात येऊन बसले. अशा भाषेत मजुरी वाढवून मागणारा गरीब हा एक प्रकारचा व्याकरणदोषच ठरतो.

करुणेच्या शब्दांबाबत मात्र मराठी भाषांतराचे दैव थोर. येशूला लोकसमुदाय पाहून जे वाटले ते सांगण्यासाठी शुभवर्तमानकार जे ग्रीक क्रियापद योजतात, ते आतड्यांच्या वाचक शब्दावरून बनले आहे. मराठीने त्यासाठी 'कळवळा' हा शब्द दिला. ह्याहून उत्तम शब्द मिळणे कठीण होते. पोटदुखीने मनुष्य कळवळतो आणि दुसऱ्याचे दुःख पाहूनही कळवळतो. देहाची पीडा व परपीडेची जाणीव येथे एकाच धातूत राहतात. आतडे तुटणे, पोटात कालवणे हे प्रयोगही त्याच वळणाचे. त्यातून हा शब्द तुकोबांनी आईच्या मनासाठी वापरून संतवाणीत रुजविलेला होता. हिब्रूतील करुणावाचक 'रहामीम' हा शब्द गर्भाशयाच्या शब्दाशी संबद्ध आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे देवाला माउली म्हणणाऱ्या भाषेत बायबलाची करुणा इतक्या सहज का रुळली ते कळते. टिळकांच्या अभंगांना वारकरी परंपरेत परके वाटले नाही याचे श्रेय त्यांच्या प्रतिभेइतकेच ह्या पूर्वसिद्ध शब्दसंपत्तीलाही आहे.

व्याकरणाकडे वळले असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. कोणाचा कळवळा 'येतो', कोणाची दया 'येते'. येथे षष्ठी दुःखिताची आहे. भावना जणू त्याच्या मालकीची असून आपल्याकडे चालत आलेली असते. पण दया 'करावयाची' म्हटली की ती कोणा'वर' करावी लागते. अन्यायही कोणा'वर'च होतो. दया आणि अन्याय एकच शब्दयोगी अव्यय घेतात, दोहोंतही दुःखित हे केवळ एक ठिकाण असते, ज्यावर काही येऊन पडते. न्याय मात्र कोणा'ला' मिळतो. अर्थात् केवळ 'वर' ह्या एका अव्ययावरून फार मोठे निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, कारण आईवरही प्रेम असते आणि तेथे उच्चनीचभाव नसतो. याहून निर्णायक पुरावा मागण्याच्या क्रियापदांत आहे. दयेची याचना होते, भीक मागितली जाते. न्यायाची मागणी होते आणि 'दाद' मागितली जाते. 'दाद' हा फारसीत न्यायाचाच वाचक शब्द आहे. कचेऱ्यांच्या मराठीतून तो आला आणि खेड्यापाड्यांत रुजला. आपली दाद लागत नाही, असे निरक्षर मनुष्यही म्हणतो; आपल्या नीतिमत्त्वाची भूक भागत नाही असे तो म्हणणार नाही.

ह्या कसोटीवर टिळकांचे काव्य घासून पाहिले तर त्याचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही उमटतात. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता मराठीतील करुणेच्या उत्कट आविष्कारांपैकी एक म्हणून कित्येक पिढ्यांनी पाठ केली. जखमी पक्षिणीच्या वेदनेशी कवी एकरूप होतो, बाण मारणाराच्या क्रौर्याने त्याचे हृदय विदीर्ण होते. पण क्रौर्य हे तेथे व्यक्तीचे आहे. ते व्यवस्थेचेही असू शकते, कोणीही बाण न सोडता एखादे घरटे उद्ध्वस्त होऊ शकते, ह्याची जाणीव टिळकांच्या काव्यात क्वचित डोकावते. त्यांच्या आयुष्यात ती अधिक होती. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' ही निराळी वाट धरली, यात हिंदी ख्रिस्ती मनुष्याने परक्यांच्या वेतनावर व आज्ञेवर जगू नये हा स्वाभिमान होता. आणि स्वाभिमान हा न्यायाचा सख्खा भाऊ होय.

टिळकांच्या करुणेवरचे सर्वांत मार्मिक भाष्य त्यांच्या घरातूनच आले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) पतिभक्तीचे आणि विनोदाचे पुस्तक म्हणून वाखाणली जातात, आणि ते यथार्थच आहे. पण ती दयेच्या जमाखर्चाची वहीही आहे. टिळक हाताशी असेल ते देऊन टाकतात. घरात उद्या काय शिजणार याची विवंचना लक्ष्मीबाईंना. टिळकांचे मन मोठे. त्या मोठेपणाचे व्याज बायकोने फेडावयाचे. लक्ष्मीबाई तक्रारीचा सूर लावीत नाहीत, उलट हसतात. परंतु दयेचा खर्च नेमका कोणाच्या पदरी पडतो हा प्रश्न त्या हसण्याआड सतत उभा असतो. पुढे त्यांच्या मनातून जातिभेद गेला, तो बाप्तिस्म्यापूर्वी आणि स्वतःच्या विचाराने. तो सांगतानाही त्या धर्मशास्त्राचा एकही जड शब्द योजीत नाहीत. पाणी, भांडे, हात, जेवण ह्या शब्दांत सर्व क्रांती उरकते. मराठी ख्रिस्ती गद्याला 'नीतिमत्त्वा'च्या बाहेर न्यायाची जी भाषा सापडली, ती प्रथम ह्या स्वयंपाकघरातल्या मराठीत सापडली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून निराधार मुली व विधवा यांना घेऊन आल्या. त्या काळी भंडारा जिल्हाही मध्य प्रांतातच होता. केडगावच्या मुक्तिसदनात १९०० च्या सुमारास आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. हे कार्य दयेचे म्हणून सर्वश्रुत आहे, आणि गौरवग्रंथ येथेच थांबतात. पण त्याच १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रातून जाहीर तक्रार केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती अमान्य केली तरी प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत पोहोचले. ज्या राज्यकर्त्यांच्या धर्मबांधवांकडून संस्थेला देणग्या येत, त्याच राज्यकर्त्यांना त्या जाब विचारीत होत्या. दुष्काळातील मुलीला पोटाशी धरणे आणि सरकारकडे दाद मागणे ही दोन कामे त्यांच्या लेखी दोन नव्हती. खेद इतकाच की रमाबाईंचे हे दुसरे अंग बव्हंशी इंग्रजीत प्रकट झाले. मराठीत त्यांनी आपली अखेरची वर्षे बायबलाच्या भाषांतरास दिली. हिब्रू व ग्रीक शिकून, अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशा मराठीत केलेले हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शास्त्र कोणासाठी आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या सोपेपणातच होते. परंतु मराठी समीक्षेने ह्या ग्रंथाकडे केवळ एक विक्रम म्हणून पाहिले.

न्यायाची मराठी घडली ती मुख्यत्वे चर्चच्या भिंतीबाहेर. जोतीराव फुले हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती कधीच झाले नाहीत. पण येशूला त्यांनी जे मराठी नाव दिले ते कोणत्याही मिशनऱ्याला सुचले नाही. 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी त्याला बळीराजाच्या मालिकेत बसविले. इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो अशी ओवाळणी करणाऱ्या कुणब्याच्या घरात देवाचे राज्य ह्याहून सोप्या वाटेने शिरू शकले नसते. आणि फुल्यांनी 'हक्क' हा शब्द उचलला. वतनांच्या कागदपत्रांत हक्क म्हणजे पाटील-कुळकर्ण्यांचा, बलुतेदारांचा रूढ वाटा. जन्माने व वतनाने ठरलेला. त्या शब्दाचे वतन मोडून फुल्यांनी तो माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला दिला. अर्थविस्ताराचे इतके धीट उदाहरण एकोणिसाव्या शतकातील मराठीत दुसरे आढळत नाही. मिशनच्या छापखान्यांतून निघालेल्या मराठीला हा शब्द उपलब्ध होता. तिने तो घेतला नाही.

ह्या न घेण्याची किंमत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितली आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते भंडाऱ्यातून उभे राहून पराभूत झाले, तेव्हा ह्या जिल्ह्याच्या वाटाही त्यांच्या पायांखालून गेल्या होत्या. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयीचा त्यांचा इंग्रजी निबंध त्यांच्या पश्चात १९८९ मध्ये समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाला. दुःस्थितीचे मूळ अस्पृश्याच्या स्वतःच्या पापात आहे असे मिशनरी त्याला शिकवितात, ते त्याच्या भोवतालच्या समाजव्यवस्थेत आहे असे शिकवीत नाहीत. म्हणून ख्रिस्ती झालेला अस्पृश्य अन्यायाविरुद्ध उठत नाही, असा त्यांचा आरोप आहे. हा आरोप सर्वस्वी मान्य करता येणार नाही. रमाबाईंचे उदाहरण वर आलेच आहे. पण 'नीतिमत्त्व' ह्या शब्दाच्या अर्थसंकोचाचा विचार केला असता आंबेडकरांनी एका भाषिक वस्तुस्थितीवरच बोट ठेवले होते असे दिसून येते. पापाला मराठीत व्यक्तीच लागते. समाजाला पाप लावण्याची सोय त्या उपदेशाच्या मराठीत नव्हती. राज्यव्यवस्थेनेही पुढे ह्या मौनात भर घातली. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले.

आता पुन्हा द्राक्षमळ्याच्या दृष्टांताकडे वळावे, आणि ते आंधळगावाच्या मागावर बसून. तेथील कोष्ट्याला मजुरी नगावर मिळते. ताणा लावण्यात, फणी भरण्यात, तुटलेला धागा सांधण्यात जो वेळ जातो, घरातल्या बाईने कांड्या भरण्यात जो दिवस घालविला, त्याची नगात वेगळी मोजदाद नसते. दृष्टांतात दिवसभर राबलेल्याला आणि अखेरच्या तासाला आलेल्याला सारखीच मजुरी मिळते. पीठावरून ह्याचे विवरण बहुधा देवाच्या अपार कृपेचे उदाहरण म्हणून होते. नगावर मजुरी घेणारा विणकर मात्र प्रथम पहिल्या मजुरांच्याच बाजूने कुरकुर करील, आणि ती त्याची कुरकुर अयोग्य नाही. पण त्यालाच हेही उमजेल की शेवटचे मजूर आळशी नव्हते. कोणी कामास लावले नाही म्हणून ते चौकात उभे होते, असे दृष्टांतच सांगतो. सुताचा पुरवठा थांबला आणि माग बंद पडला की विणकराचाही दोष नसतो, भूक मात्र पूर्ण दिवसाची असते. धन्याने दिले ते एका कुटुंबाच्या एका दिवसाच्या अन्नापुरते होते. येथे 'दिकायोन' आणि कळवळा ह्यांची सांगड पडते : जे न्याय्य ते कामाच्या मापाने नव्हे, पोटाच्या मापाने ठरते. 'योग्य' ह्या गुळगुळीत शब्दात ही खळबळ मावत नाही. 'रास्त' म्हटले असते तर निदान बाजारातला रास्त भाव तरी आठवला असता.

हा अर्थ मराठी ख्रिस्ती लेखकांच्या हातून निसटला, तो फिरून विदर्भात आला तो निराळ्या मार्गाने. रस्किनने ह्याच दृष्टांतातील शब्द आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथाला (१८६२) नाव म्हणून दिले. गांधींनी तो १९०४ मध्ये वाचला आणि १९०८ मध्ये 'सर्वोदय' ह्या नावाने त्याचा गुजराती सारांश केला. १९३५ मध्ये गांधींच्या आग्रहावरून चरखा संघाने कातणाऱ्यांना बाजारभावाऐवजी निर्वाहाच्या मानाने मजुरी देण्याचे धोरण पत्करले. खादी महाग होईल, खपणार नाही, असे आक्षेप तेव्हा आले. द्राक्षमळ्यातील पहिल्या मजुरांची कुरकुर व्यापारी भाषेत पुन्हा ऐकू आली म्हणावयाचे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणारे जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती होते व येशूच्या शिकवणीचा आर्थिक अर्थ त्यांनी लिहिलाही, पण इंग्रजीत. भंडाऱ्याच्या विणकरापर्यंत तो पोहोचला नाही.

अलीकडच्या काळात ही तूट भरून काढणारा लेखक म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा (१९४२–२०२४) निर्देश करावा लागतो. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, वसईच्या हरित पट्ट्याच्या रक्षणासाठी दिलेला लढा, आणि 'सुबोध बायबल' ही त्यांची तीन कामे वेगवेगळी मोजली जातात. 'सुबोध बायबल'च्या नव्या करारास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्यामुळे त्यांचा गौरव झाला, परंतु परीक्षण राहून गेले. जमिनीच्या व पाण्याच्या भांडणात ज्याने गावकऱ्यांची बाजू घेऊन धाकदपटशा सोसला, त्याच्या गद्यात शास्त्रवचन आणि सात-बाराचा उतारा शेजारी शेजारी येतात, आणि त्यात काही विसंगत वाटत नाही. त्यांची वाक्ये कधी कधी प्रवचनाच्या वळणावर जातात, हा दोष मान्य केलाच पाहिजे. तरीही दाद मागण्याची मराठी मराठी धर्मोपदेशकाच्या तोंडी आली, ती मुख्यतः त्यांच्या पिढीत.

पुढील अभ्यासकाला येथे मोठे काम आहे. १८११ च्या श्रीरामपूरच्या नव्या करारापासून रमाबाईंच्या आणि दिब्रिटोंच्या भाषांतरांपर्यंत 'दिकायोसुने'च्या प्रत्येक स्थळाची प्रतिशब्दवार नोंद व्हावयास हवी. तिच्या जोडीला 'ज्ञानोदया'च्या १८४२ पासूनच्या फाइलींतून दुष्काळ, मजुरी व कर्ज ह्या विषयांवरील लेखांची शब्दसूची केली पाहिजे. झाडीबोलीकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. भंडाऱ्याच्या ह्या बोलीत 'ळ' आणि 'ण' हे वर्ण नाहीत असे तिचे अभ्यासक सांगतात. तेव्हा 'कळवळा' हा शब्द तेथे कोणत्या रूपात, कोणत्या प्रसंगी व कोणाच्या तोंडून ऐकू येतो, आणि मजुरीच्या तंट्यात विणकर कोणता शब्द उच्चारतो, हे ग्रंथालयात बसून ठरणार नाही. त्यासाठी आंधळगावाच्या मागांपाशी, ते चालू आहेत तोवर, जाऊन बसले पाहिजे.